छर्ऱ्याची जुनी रायफल आणि घरातली दुरुस्ती

लहान बोअरची, म्हणजे अरुंद नळीची, जुनी रायफल घरीच उघडायची, गंज काढायचा, लाकडाला तेल पाजायचं आणि ती पुन्हा नेमक्या निशाण्यावर आणायची, ही इंग्लंड-अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी हौस आहे. तिथल्या घरांमागच्या शेडमध्ये .२२ बोअरच्या पन्नास-साठ वर्षांच्या रायफली आजही नव्याने उभ्या राहतात. जुळे सोलापुरातल्या एखाद्या बंगल्यात किंवा अपार्टमेंटमध्ये यंत्रांची आवड असलेल्या माणसाला ही हौस करावीशी वाटली, तर त्याच्यासमोर एक रेघ आखलेली आहे. रेघेच्या एका बाजूला दारूवर चालणारी .२२ आहे आणि दुसऱ्या बाजूला दाबलेल्या हवेवर चालणारी .१७७ बोअरची छर्ऱ्याची रायफल. पहिलीला घरी हात लावणं आपल्याकडे गुन्हा ठरू शकतो आणि तो तसा असणंच योग्य आहे. दुसरी घरी दुरुस्त करणं ही मात्र सुतार, फिटर आणि इतिहासकार या तिघांचं काम एकाच टेबलावर शिकवणारी उत्तम हौस आहे. अट एकच. रायफल कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तिथपर्यंतच तिला न्यायचं, त्यापुढे नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच असलं, तरी ते मान्य करण्याआधी बऱ्याच शंकांना उत्तर द्यावं लागतं.

लहान बोअरची रायफल मुळात सामान्य माणसाच्या सरावासाठीच घडली. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत आलं. त्याची शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, आवाज मर्यादित, धक्का जवळजवळ नाही आणि किंमत कमी. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात आपल्या सैनिकांना नेमबाजी जमत नाही हे इंग्रजांना कळून चुकलं आणि १९०१ मध्ये तिथे छोट्या बोअरच्या रायफल क्लबांची संघटना उभी राहिली. गिरणी कामगारांपासून शाळामास्तरांपर्यंत लोक संध्याकाळी .२२ घेऊन कागदावर नेम धरू लागले. याच सुमारास बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज या बंदूक कारागिराने हवेच्या रायफलीची एक रचना पेटंट केली आणि १९०५ पासून बीएसए कंपनी तशा रायफली काढू लागली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, पुढे आपल्याकडे मोटरसायकलींमुळे माहीत झालेली तीच कंपनी. जर्मनीत रास्टाट गावी १८९० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याच्या ‘डायना’ रायफली जगभर गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्याची यंत्रसामग्री स्कॉटलंडला नेली गेली आणि काही काळ ‘डायना’ हेच नाव ब्रिटिश मालावरही उमटलं. त्यामुळे एखाद्या जुन्या नळीवरचा शिक्का वाचला, की युरोपच्या राजकारणाचा एक तुकडाच हाती येतो. भारतात १९४८ मध्ये एनसीसी सुरू झाली आणि तिच्या पुढच्या पिढ्यांतल्या छात्रांनी आयुष्यातली पहिली गोळी बहुधा .२२ मधूनच, २५ यार्डांवरच्या निशाण्यावर झाडली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. ती स्पर्धाही याच .२२ बोअरची. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तीही याच बोअरवर. तेव्हा या बोअरबद्दल महाराष्ट्रात आपुलकी असणं स्वाभाविक आहे.

पण आपुलकी आहे म्हणून पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा असं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम बंदूक तयार करणं आणि विकणं यांच्याच ओळीत ती दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं आणि तिची चाचणी घेणं यांनाही परवाना मागतं. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. पहिला असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाच्या उल्लंघनाची शिक्षा किमान सात वर्षं कैद केली आणि वरची मर्यादा जन्मठेपेपर्यंत नेली. ‘आजोबांची रायफल आहे, चालत तर नाहीच, मग ती बंदूक कसली?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. त्याचं उत्तर ४५ व्या कलमात आहे. जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडलेलं शस्त्र कायद्याच्या बाहेर राहू शकतं, पण ते दुरुस्ती न करता आणि दुरुस्ती करूनही चालण्याजोगं नसेल तरच. म्हणजे फायरिंग पिन तुटलेली किंवा बोल्ट जाम झालेली .२२ ही कायद्याच्या नजरेत पूर्ण बंदूकच आहे, कारण ती दुरुस्त होऊ शकते. हौशी माणसाला जे काम सर्वांत मोहात पाडतं, नेमकं तेच काम करता येण्याची शक्यता त्या वस्तूला शस्त्र ठरवते. हा मुद्दा घराघरांत पोहोचायला हवा, कारण त्याच्या अज्ञानातून सरळमार्गी माणूसही फार मोठ्या अडचणीत सापडू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासातून. भारतीयांना निःशस्त्र ठेवणारा कायदा लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये आला, आणि आजचा कायदा त्याचाच वारस आहे, असं म्हटलं जातं. सोलापुरात हा आक्षेप जास्त तीव्रतेने उमटला तर नवल नाही. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ पाहिला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे फासावर गेले. परक्या सत्तेने केलेला शस्त्रबंदीचा कायदा अन्यायकारक होता, यात वाद नाही. पण १९५९ चा कायदा स्वतंत्र देशाच्या संसदेने केला आहे आणि दुरुस्तीवरची अट तिने विचारपूर्वक ठेवली आहे. .२२ ची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते, नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १४० जूलच्या आसपास असते आणि योग्य कोनात उडालेली गोळी दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. सोलापुरातल्या विजापूर रस्त्याच्या आणि होटगी रस्त्याच्या मधल्या भागातली एकाला एक लागून असलेली घरं डोळ्यांसमोर आणली, म्हणजे चाचणीलाही परवाना का मागितला जातो हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय .२२ चं काडतूस कडेवर आघात होऊन पेटतं आणि त्याचं पितळी कवच पातळ असतं. बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर झिजेने वाढलं, तर कवच मागे फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येऊ शकतो. हे अंतर मोजायला खास मापं लागतात आणि ती वापरायचा अनुभव लागतो. तो परवानाधारक कारागिराकडे असतो.

तरीही एका बाबतीत कायद्याने अधिक स्पष्ट बोलायला हवं, असं माझं मत आहे. परवानाधारकाने आपली बंदूक पुसणं, तिला तेल लावणं हे त्याचं कर्तव्यच मानलं जातं. पण ही निगा कुठे संपते आणि दुरुस्ती कुठे सुरू होते, हे कलम वाचून सामान्य माणसाला कळत नाही. भेगाळलेल्या लाकडात सरस भरणं हे काय? सैल झालेला स्क्रू बदलणं हे काय? सात वर्षांच्या कैदेची टांगती तलवार असताना असे प्रश्न धूसर राहू नयेत. ते स्पष्ट होईपर्यंत शहाण्या माणसाने पुसण्यापलीकडे जाऊ नये आणि बाकी सगळं परवाना असलेल्या दुरुस्तीकाराकडे सोपवावं.

मग हौशी माणसाच्या वाट्याला काय उरतं? हवेची रायफल उरते, आणि तिच्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी यासाठी दोन मापं दिली आहेत. बोअर .१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर नको. या दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. इथे एक मेख आहे आणि ती जुन्या मालात हमखास आडवी येते. हवेच्या रायफलीही .२२ बोअरमध्ये भरपूर बनत. बीएसए आणि डायना दोघांचीही अशी मॉडेलं होती. दारू नाही, काडतूस नाही, तरीही केवळ बोअर मोठं असल्यामुळे तशी रायफल परवान्याच्या कक्षेत येते. म्हणून माळ्यावरून उतरवलेली किंवा जुन्या बाजारात दिसलेली रायफल हाती आली, की पहिलं काम शिक्का वाचण्याचं. नळीवर किंवा नळीच्या मुळाशी .१७७ किंवा ४.५ लिहिलेलं असेल तर पुढचा विचार करायचा. .२२ किंवा ५.५ असेल तर ती टेबलावर घ्यायचीच नाही. सत्तरच्या दशकापासूनच्या अनेक जर्मन रायफलींवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर असतं. साडेसात जूलच्या तिथल्या मर्यादेत ती बसते, एवढाच त्याचा अर्थ.

या हौसेला सोलापूरचा स्वतःचा धागाही आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजं, साखर, विमान, मोटार अशा अनेक उद्योगांचा पाया घातला. १९२६ मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली, सिमेंट काँक्रीटच्या पाइपांसाठी. याच कंपनीने पुढे हवेच्या रायफलीही बनवल्या आणि ‘आयएचपी’ ही तीन अक्षरं असलेल्या रायफली देशभरातल्या घरांत पोहोचल्या. पाण्याचे पाइप बनवणारी कंपनी छर्ऱ्याच्या रायफलीकडे वळते, यातून आयातबंदीच्या काळातल्या भारतीय उद्योगाची धडपड दिसते. बीएसएच्या मॉडेलांची आणि अनुक्रमांकांची नोंद करणारी पुस्तकं इंग्लंडमध्ये निघाली. भारतीय बनावटीच्या हवेच्या रायफलींवर मात्र त्या तुलनेत फारच थोडं लिहिलं गेलं आहे. म्हणून अशी एक रायफल नीट उघडून, तिचे भाग मोजून, फोटो काढून कुणी ठेवले, तर ते आपल्या उद्योगाच्या इतिहासासाठी केलेलं काम ठरतं. जुनी विदेशी रायफल दुरुस्त करण्यापेक्षा मला याचं मोल अधिक वाटतं.

आत असतं तरी काय? बहुतेक जुन्या रायफली स्प्रिंगवर चालतात. नळी मोडून खाली ओढली, की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि एक जाड स्प्रिंग दाबली जाऊन चापाच्या खाचेत अडकते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, समोरची हवा क्षणात आवळली जाते आणि एका बारीक भोकातून नळीत घुसून छर्ऱ्याला बाहेर काढते. या दट्ट्याच्या तोंडाशी हवा अडवणारं वॉशर असतं. जुन्या रायफलींत ते चामड्याचं असे. नळी जिथे मिटते तिथे दुसरं लहान वॉशर असतं. रायफल ‘मेली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा यांपैकी एक वॉशर सुकलेलं किंवा फाटलेलं असतं, नाहीतर स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली असते. नळी सहसा शाबूत असते. कोकणातल्या आणि सोलापुरातल्या जुन्या रायफलींची दुखणी वेगळी असणार हेही उघड आहे. कोकणातली दमट हवा लोखंड खाते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. इथे गंजापेक्षा कोरडेपणा जास्त नुकसान करतो. चामडं कडक होतं, लाकूड आकसून चिरतं, दस्त्याचे स्क्रू सैल होतात. म्हणून इथल्या हौशी माणसाने इंग्रजी पुस्तकांतलं गंजावरचं प्रकरण थोडक्यात आटोपून चामड्याकडे आणि लाकडाकडे जास्त लक्ष द्यावं.

चामडं ही सोलापूरला अनोळखी गोष्ट नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून अलीकडच्या यंत्रमागांपर्यंत, धोट्याला टोला देणारा पिकर आणि त्याचा पट्टा हे बराच काळ कमावलेल्या चामड्याचेच असत. किती जाडीचं चामडं घ्यायचं, ते तेलात किती मुरवायचं, कुठल्या बाजूने घासायचं, हे मागाची देखभाल करणाऱ्या जॉबरला हातानेच कळायचं. रायफलीच्या दट्ट्याचं वॉशर याच ज्ञानाने बनतं. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं गोल कापायचं, भिजवून साच्यात वाटीसारखं दाबायचं, वाळल्यावर कडा समान करायच्या आणि प्राणिज तेलात मुरवायचं. कारखान्यातून मिळणारं तयार कृत्रिम वॉशर लवकर बसतं, पण जुन्या सिलिंडरमध्ये ते नेहमीच नीट बसेल याची खात्री नसते. मूळचं वॉशर चामड्याचं असेल तर नवंही चामड्याचंच असावं, या मताचा मी आहे. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारे हात आहेत, जुन्या पेठांत चामड्याचं काम करणारे कारागीर आहेत. एखादी पिन किंवा बुश त्यांच्याकडून करून घेताना हौशी माणूस आपल्याच शहरातल्या कौशल्याशी ओळख करून घेतो.

काही इशारे मात्र ठासून द्यायला हवेत, कारण परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. स्प्रिंग रायफलीत स्प्रिंग ताणलेली नसतानाही थोडी दाबलेलीच बसवलेली असते. मागचं झाकण किंवा पिन नुसती काढली, तर ती स्प्रिंग झाकणासकट तोंडावर येते. तिला धरून ठेवणारा दाबयंत्रासारखा शिकंजा केल्याशिवाय मागचा भाग उघडूच नये. नळी मोडून ताणलेल्या अवस्थेत चाप निसटला, तर नळी झटक्यात मिटते आणि मध्ये बोट असेल तर ते जायबंदी होतं. छर्रा न भरता चाप ओढला, तर दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही आणि तो लोखंडावर आदळून स्प्रिंग आणि वॉशर दोन्ही खराब करतो. गावोगावच्या जत्रांत फुगे फोडायच्या रायफली लवकर खिळखिळ्या होतात त्याचं हेही एक कारण आहे. दट्ट्यापुढच्या पोकळीत शिलाई मशीनचं किंवा गाडीचं तेल टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. हवा एकदम आवळली की तापते, तेलाची वाफ पेट घेते आणि डिझेल इंजिनासारखा स्फोट होतो. धूर दिसतो, आवाज मोठा येतो आणि रायफल ‘जोरदार’ झाली असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात वॉशर जळत असतं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये आणि दुरुस्तीचं टेबल स्वयंपाकघरात मांडू नये.

खरा कस लागतो तो बाहेरच्या रूपात. इथे हौशी माणसाचा उत्साह रायफलीचा शत्रू होतो. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर घेऊन नळी आरशासारखी केली, की कारखान्याचे शिक्के पुसट होतात, कडा गोल होतात आणि रायफल कोणत्या काळातली, कुणी बनवलेली, हे सांगणारा पुरावा कायमचा जातो. लाल गंज तेल आणि मऊ पोलादी लोकरीने हळूहळू उतरवावा. खालचा काळसर निळा थर राहिला असेल तर त्याला सोडून द्यावं. जुने कारागीर हा थर गंजातूनच मिळवत. पोलादावर मुद्दाम एकसारखा तांबूस गंज आणायचा, तो पाण्यात उकळायचा, म्हणजे लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं, आणि वरचा भुसा घासून काढायचा. हे चक्र अनेकदा केलं की गर्द निळसर काळा रंग चढतो आणि तोच पुढच्या गंजाला अडवतो. ही रीत मंद आहे आणि घरगुती आहे, पण जिथे मूळचा थर पूर्ण गेला असेल तिथेच ती वापरावी. लाकडाचंही तसंच. जुने दस्ते अक्रोडाचे किंवा बीचचे, भारतीय रायफलींवर बऱ्याचदा इथल्या लाकडाचे असतात. त्यांवर चकचकीत वॉर्निश मारण्यापेक्षा जवसाचं तेल बोटाने चोळून, वाळू देऊन, पुन्हा चोळावं. जवस हे आपल्या कोरडवाहू रब्बीतलं ओळखीचं पीक आहे आणि त्याचं तेल हवेत घट्ट होऊन लाकडात बसतं. या घट्ट होण्यातच उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशी फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

दुरुस्ती करताना ताकद वाढवण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या हौसेतली खरी नैतिक कसोटी तीच आहे. जास्त कडक स्प्रिंग बसवली की छर्रा जोरात जातो, हे खरं. पण अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छर्रा सेकंदाला २८० मीटरने निघाला, की २० जूलची रेघ ओलांडली जाते आणि टेबलावरची वस्तू परवान्याच्या कक्षेत जाऊन बसते. नेमबाजीला त्याची गरजही नाही. ऑलिंपिकच्या १० मीटर रायफलीत छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटरनेच जातो, ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास, आणि त्याला गाठायचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्णपदक आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ चं जागतिक विजेतेपद याच सौम्य वेगावर आलं. कडक स्प्रिंगने जुन्या रायफलीचा धक्का वाढतो, बिजागरी झिजते, नेम बिघडतो. जोर मागणाऱ्याला निशाण्याचा कागद नको असतो, त्याच्या मनात दुसरं काही असतं.

ते दुसरं काही म्हणजे पक्षी, आणि हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. छर्ऱ्याच्या रायफलींनी भारतात किती पोपट, कबुतरं, चिमण्या आणि बगळे मारले असतील याची मोजदाद नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक एअरगन जमा झाल्या, त्या पक्ष्यांसाठीच. सोलापूरला तर हा प्रश्न दारातलाच आहे. शहराच्या उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि ज्याच्यासाठी ते राखलं तो माळढोक पक्षी आज तिथे क्वचितच दिसतो. जुळे सोलापूरपासून जवळच, विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. मग मोडलेल्या रायफली मोडलेल्याच का राहू देऊ नयेत? या युक्तिवादात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरवली आहे, एवढं सांगून भागत नाही, कारण तलावाकाठी पहारा नसतो. माझं उत्तर असं आहे की पक्षी मारणारा माणूस चामडं मुरवत बसत नाही. तो नवी, जोरदार रायफल विकत घेतो. महिनोन्‌महिने एका जुन्या यंत्राला जपणाऱ्याच्या हातून तिचा गैरवापर होण्याची शक्यता कमी असते, पण ती शून्य नसते. म्हणून दुरुस्तीच्या हौसेसोबत काही बंधनं स्वतःहून यायला हवीत. रायफल कुलूपबंद असावी, छर्रे वेगळ्या जागी असावेत, मुलांच्या हाती ती एकटी कधीच पडू नये. गच्चीवरून किंवा खिडकीतून नेम धरणं कायमचं वर्ज्य असावं. निशाणा १० मीटरवर, मागे छर्रा अडवणारी जाड पेटी, आणि तेही बंदिस्त जागेत. ज्याच्याकडे अशी जागा नाही त्याने दुरुस्त झालेली रायफल भिंतीवर ठेवावी किंवा नेमबाजीच्या क्लबात न्यावी. आणि ज्याला .२२ चालवायचीच आहे, त्याच्यासाठीही कायद्याने दार बंद केलेलं नाही. केंद्र सरकारची मान्यता किंवा परवाना असलेल्या रायफल क्लबाचा सदस्य तिथे सरावासाठी .२२ वापरू शकतो.

आणखी एक आक्षेप व्यवहाराचा आहे. छर्ऱ्याची नवी भारतीय रायफल सहज मिळते, अचूकही असते, मग जुनीवर वेळ आणि पैसा का घालावा? केवळ नेमबाजीच करायची असेल, तर हा आक्षेप बरोबर आहे आणि अशा माणसाने नवीच घ्यावी. जुनी रायफल दुरुस्त करायची ती हवा, धातू, लाकूड आणि चामडं यांचं एकमेकांशी असलेलं नातं हाताने कळावं म्हणून. अभियांत्रिकीच्या वर्गात हवेचा दाब आणि उष्णता यांचं समीकरण फळ्यावर राहतं. इथे तेच समीकरण धुराच्या रूपाने दिसतं आणि जळालेल्या वॉशरच्या किमतीत शिकवतं. घराघरांतून पाना-हातोडी हद्दपार होत असताना असं शिक्षण महाग म्हणता येणार नाही.

आता ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची दारूची .२२ आहे त्यांच्याविषयी. परवानाधारक वारला असेल तर ती रायफल विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारस म्हणून परवाना मागता येतो. सोलापूर शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मात्र २०१९ पासून एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत आणि वारसाहक्कालाही ही मर्यादा लागू आहे. अशा .२२ ची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. छर्ऱ्याची .१७७ असेल तर आधी फोटो काढावेत, शिक्के आणि अनुक्रमांक वहीत उतरवून घ्यावेत, काढलेलं जुनं वॉशर आणि स्प्रिंग चिठ्ठी लावून पाकिटात ठेवावी. ‘आयएचपी’ शिक्क्याची रायफल, तिचं माहितीपत्रक किंवा खरेदीचं बिल ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ते रद्दीत आणि भंगारात जाऊ देऊ नये. शहरातल्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला त्या कागदांची प्रत जरूर द्यावी.